घरचे यंत्र : कूलर घ्यावा, पण किती?



मार्चअखेरीस कर्जत तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र छोटे होते. "मुलगा एअर कूलर मागतो. मी म्हटले, घरात कूलर आहे, पाणी भरायचा, मागच्याच उन्हाळ्यात घेतला. तर म्हणतो, तो नव्हे अम्मी, कॉम्प्युटरच्या आत बसतो तो. किंमत साडेनऊ हजार सांगतो. त्याचे अब्बा कुवेतला आहेत, पैसे तिथून येतात. हा खर्च गरजेचा की इसराफ, तेवढे सांगा."

या सदरात आम्ही मिक्सर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर अशा वस्तूंवर लिहीत आलो आहोत. कॉम्प्युटरच्या आतल्या कूलरवर लिहिण्याची वेळ कधी आली नव्हती. पत्राने उत्तर पाठवता आले असते, पण मशीन न पाहता 'घ्या' किंवा 'घेऊ नका' म्हणणे आम्हाला बरे वाटले नाही. खोपोलीहून कर्जत लोकलने अर्ध्या तासावर. एप्रिलमधल्या एका रविवारी जुहरची नमाज अदा करून आम्ही निघालो. पिशवीत एक थर्मामीटर, एक मोजपट्टी आणि रंगकामाचा कोरा ब्रश घेतला.

मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून तो एका फोटोग्राफरसाठी निकाह आणि वलीम्याच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. कॉलेजचा खर्च बराचसा त्यातून निघतो. अम्मींना वाटत होते, पोराला मशीनचे वेड लागले आहे. त्याच्याशी बोलल्यावर वेगळीच गोष्ट समजली. मार्चमध्ये एका निकाहची फिल्म त्याने हाती घेतली होती. नवरी शौहरबरोबर मस्कतला जाणार होती आणि जाण्याआधी फिल्म देण्याचा त्याने वादा केला होता. तीन रात्री मशीन मध्येच मंदावले, चौथ्या रात्री बंद पडले. फिल्म तयार झाली, पण नवरी गेल्यानंतर दोन दिवसांनी. "मुलीच्या वडिलांनी काहीच म्हटलं नाही, चाचा," तो म्हणाला. "ते रागावले असते तर बरं वाटलं असतं."

म्हणजे हौस होती, पण हौसेच्या आधी कामाची लाज होती. तेव्हा प्रश्न नीट पाहायला हवा होता.

उष्णता आली कुठून?

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारा छोटा तुकडा. तो जेवढी वीज खातो, तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. या मुलाकडे एएमडीचा रायझन ५ ३६०० आहे, २०१९ साली आलेला, सहा कोअरचा. कंपनी तो ६५ वॅटच्या वर्गात धरते आणि ९५ अंश सेल्सियस ही त्याची कमाल मर्यादा सांगते. तिथे पोहोचला की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर मशीन बंद होते.

व्हिडिओ लवकर तयार व्हावेत म्हणून मुलाने ओव्हरक्लॉकिंग केले होते, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवला होता. सगळे कोअर कामाला लागले की त्याचा प्रोसेसर सुमारे ४ गिगाहर्ट्झवर चाले. त्याने तो ४.२ वर बांधला. पण वाढीव वेग फुकट टिकत नाही, त्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते. कामाच्या वेळी साधारण १.२ व्होल्ट लागत होते, त्याने १.३५ लावले.

आम्ही कागद घेतला आणि त्यालाच हिशेब करायला सांगितला. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग ४ वरून ४.२, म्हणजे १.०५ पट. व्होल्टेज १.२ वरून १.३५, म्हणजे १.१२५ पट, आणि त्याचा वर्ग सुमारे १.२७. दोन्हींचा गुणाकार केला तर उष्णता जवळपास १.३३ पट.

मुलगा कागदाकडे पाहत राहिला. "म्हणजे पाच टक्के वेगासाठी तेहतीस टक्के उष्णता?"

"तासाभराच्या कामात तीन मिनिटं वाचतात," आम्ही म्हणालो. "तीही मशीन थंड राहिलं तर."

कर्जतचा उन्हाळा कंपनीच्या हिशेबात नसतो

आता कूलरकडे येऊ. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो थंडी तयार करत नाही, उष्णता उचलून खोलीतल्या हवेत टाकतो, एवढेच.

हे समजायला आपल्या भागातच उत्तम उदाहरण आहे. खोपोलीचे वीजघर १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून चालू आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या पाइपांतून खाली येते. पाण्याला एवढा जोर येतो तो वर आणि खाली यांतल्या उंचीच्या फरकामुळे. खोपोलीत हा फरक पाचशे मीटरहून जास्त आहे. उष्णतेचेही तसेच आहे. प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानात जेवढा उतार, तेवढी उष्णता जोरात वाहते. खोलीच तापली, तर उतार कमी झाला.

कूलरच्या चाचण्या बहुधा २० ते २२ अंशांच्या खोलीत होतात. अशा खोलीत एखादा कूलर प्रोसेसरला ८० अंशांवर धरत असेल, तर त्याचा अर्थ तो हवेच्या वर ५८ ते ६० अंश आहे. आपल्याकडे खोली ३८ अंश झाली की तोच कूलर, तोच प्रोसेसर ९६ ते ९८ दाखवणार. अलिबाग-मुरूडला दुपारी समुद्राचा वारा सुटतो. कर्जत-खालापूर सह्याद्रीच्या पायथ्याशी आतल्या बाजूला, इथे तो आधार पुरेसा पोहोचत नाही. म्हणून चाचणीतला आकडा वाचला की त्यात आपल्या उन्हाळ्याचे सोळा ते अठरा अंश आधी मिळवावेत आणि मगच कूलर पसंत करावा.

आम्ही काय मोजले

मुलाची खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रा. दुपारी तीनला थर्मामीटर ३८ दाखवत होता. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात होते, पुढे दार, मागे भिंत. म्हणजे जी गरम हवा बाहेर टाकली तीच पुन्हा आत. प्रोसेसरवर डब्यातून आलेला लहान कूलर होता आणि त्याच्या पात्यांत लाल मातीची धूळ गच्च बसली होती.

एका फिल्मचा ठरावीक तुकडा घेऊन आम्ही तो तसाच रेंडरला लावला. पाच मिनिटांत ९५ अंश आले आणि वेग घसरू लागला. काम संपायला २४ मिनिटे लागली.

मग मशीन कप्प्यातून बाहेर काढून टेबलावर ठेवले, पंख्याचे पाते बोटाने धरून धूळ ब्रशने झाडली आणि बायोसमध्ये वेग व व्होल्टेज पुन्हा कारखान्याच्या सेटिंगवर आणले. तापमान ९२ वर थांबले आणि तेच काम २० मिनिटांत झाले. म्हणजे 'वेगवान' केलेले मशीन साध्या मशीनपेक्षा चार मिनिटे मागे होते, कारण तापल्यामुळे ते अर्धा वेळ दम खात होते. एक पैसा न खर्चता चार मिनिटे परत आली.

अम्मी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग भाईसाहेब, कूलर नकोच ना?"

आम्ही म्हणालो, "हवा. ९२ वर रोज तासन्‌तास मशीन चालवणं बरं नाही. मे महिना अजून यायचा आहे. पण साडेनऊ हजारांचा नको."

कूलरच्या आत काय असते?

चांगल्या कूलरला खाली तांब्याचा बैठा भाग असतो, त्यातून तांब्याच्या नळ्या वर जातात आणि त्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची थप्पी असते. बाजूला पंखा. या नळ्यांना हीट पाइप म्हणतात. त्या भरीव नसतात. आत थोडेसे पाणी असते आणि हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाही वाफ होते.

दम बिर्याणीचे झाकण उघडताना पाहिले असेल. खालची वाफ वर जाते, झाकणाला लागून थंड होते, थेंब होऊन पुन्हा खाली पडते. हीट पाइपमध्ये अखंड तेच चालते. प्रोसेसरजवळ वाफ होते, पात्यांजवळ तिचे पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी परत खाली येते. पंखा फक्त पात्यांतली गरम हवा पुढे ढकलतो. म्हणून नुसत्या पंख्याचा आकार किंवा रंगीत दिवे पाहू नयेत. नळ्या किती, पात्यांची थप्पी केवढी, हे आधी पाहावे.

निवड कशी करावी?

आधी वॅट ठरवावेत, मग कूलर. ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर कारखान्याच्या वेगावर चालणार असेल, तर चार नळ्यांचा, एका थप्पीचा, १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर आपल्या उन्हाळ्यालाही पुरतो. डीपकूल एके ४०० किंवा कूलर मास्टर हायपर २१२ हे या प्रकारातले. प्रोसेसर शंभर ते दीडशे वॅट खाणार असेल किंवा माफक ओव्हरक्लॉकिंग करायचेच असेल, तर सहा नळ्यांचा, दोन थप्प्यांचा घ्यावा. एके ६२० किंवा थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हे तसले. इंटेलचा कोअर आय ९-१३९००के कंपनीच्याच हिशेबाने २५३ वॅटपर्यंत जातो. असला प्रोसेसर पत्र्याखालच्या खोलीत हवेच्या कूलरवर ओव्हरक्लॉक करण्याच्या फंदात पडू नये.

दुसरे माप उंचीचे. मुलाने मागितलेला कूलर ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी १५ होता. २०१४ पासून नावाजलेला, दोन मोठ्या पंख्यांचा, पंख्यांसह वजन १.३ किलोच्या आसपास. वस्तू उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण त्याची उंची १६५ मिलिमीटर. आम्ही मोजपट्टी लावली. मुलाच्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डपासून बाजूच्या झाकणापर्यंत १६० मिलिमीटरचीच जागा होती. साडेनऊ हजार मोजून झाकण लागले नसते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती पाहावी. रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पंखा त्यांना अडतो का, हेही पाहावे.

तिसरे, मदरबोर्ड. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग त्याच्या शेजारीच असतात आणि ओव्हरक्लॉकिंगमध्ये तेही तापतात. डब्यातला बैठा कूलर खाली वारा मारतो, तो त्यांनाही लागतो. उभ्या कूलरचा वारा वरून निघून जातो. या भागांवर धातूची पाती नसलेल्या स्वस्त बोर्डावर मोठा कूलर बसवून वेग वाढवला, तर प्रोसेसर थंड राहतो आणि बोर्ड भाजतो.

पाण्याच्या कूलरचे काय, असे मुलाने विचारले. त्याच्यात पंप असतो, पंप हे बिघडणारे यंत्र आहे. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा फक्त पंखा, आणि तो काही शे रुपयांत बदलता येतो. गावात दुरुस्तीचे दुकान जवळ नसेल तर ही गोष्ट लहान नाही.

वॉरंटीबद्दल एक सावधगिरी. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान प्रोसेसरच्या साध्या वॉरंटीत बसत नाही. आणि जास्त व्होल्टेजचे दुखणे थंड ठेवूनही पूर्ण टळत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना कारखान्याच्याच सेटिंगमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते, त्याने ते कायमचे बिघडत होते. २०२४ साली कंपनीने दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कंपनीच्या हातूनही असे होते, तर आपण व्होल्टेज वाढवताना दोनदा विचार करावा.

बसवताना

मुलगा पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेला. कर्जतहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. चार नळ्यांचा १५५ मिलिमीटर उंचीचा कूलर तीन हजारांच्या आत मिळाला. बसवताना आम्ही हजर होतो. चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे मधली पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवावेत आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचलावा. एकदम ओढला तर या पिढीचा रायझन सॉकेटमधून कूलरला चिकटूनच बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. स्क्रू सोडवताना बोर्डामागची पट्टी हाताने धरून ठेवावी, नाहीतर ती खाली पडते.

नव्या कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, ती काढावी. हसू नका, ती तशीच ठेवून 'कूलर खराब निघाला' म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. थर्मल पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरे. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे. पंख्याची दिशा पाहावी. हवा पुढून आत आणि मागून बाहेर, असा एकच रस्ता असावा.

मशीन रिक्षातून किंवा दुचाकीवरून न्यायचे असेल, तर मोठा कूलर आधी काढावा. उभ्या बोर्डाला लटकलेले वजन खड्ड्यांत बोर्ड वाकवते.

नव्या कूलरने पुन्हा मोजले. खोली ३८, कारखान्याचे सेटिंग, तोच तुकडा. तापमान ७४, वेळ २० मिनिटे. मग मुलाच्या समाधानासाठी ४.२ आणि १.३५ पुन्हा लावले. तापमान ८५, वेळ १९ मिनिटे. त्याने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि स्वतःच सेटिंग परत खाली आणले. आम्ही काही म्हटले नाही.

उरलेली काळजी

मशीन बंद कप्प्यात ठेवू नये, मागे वीतभर जागा सोडावी. रस्त्याकडेच्या घरात दर दोन महिन्यांनी धूळ झाडावी. घरातला पाण्याचा कूलर कॉम्प्युटरकडे तोंड करून लावू नये, ओली हवा आत जाते. पावसाळ्यात हवेच्या कूलरवर दव जमण्याची भीती नसते, कारण तो खोलीपेक्षा थंड होतच नाही. पण मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, दमटपणा धरतो. आणि मोठे रेंडर भर दुपारी लावू नये. इशानंतर लावले तर फजरपर्यंत फिल्म तयार असते, खोलीही निवलेली असते.

आता भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. कूलर इसराफ नव्हता. डब्यातल्या कूलरवर कर्जतचा मे महिना काढणे अवघड होते आणि मुलाच्या कामात दुसऱ्याला दिलेला शब्द गुंतलेला आहे. इसराफ झाला असता तो तीन मिनिटांसाठी, झाकण न लागणाऱ्या कूलरवर. मुलाने आपली गरज खरी सांगितली होती, आकडा तेवढा चुकीचा होता. अब्बांना कुवेतला हे असेच कळवा. बचतीतून मुलगा आता एक जादा हार्ड डिस्क घेणार आहे, म्हणजे लोकांच्या निकाहच्या फिल्मची एक प्रत वेगळी राहील. ती अमानत आहे, हे त्याचे त्यानेच म्हटले.

पुढच्या अंकात पावसाळ्याआधी इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा. प्रश्न पाठवत राहा आणि दुआंमध्ये आम्हाला आठवणीत ठेवा.